मेमरी कोणी व्यापली? विंडोज सर्व्हरवरील एका प्रोसेसचा हिशेब

बँक, विद्यापीठ किंवा मोठे रुग्णालय अशा संस्थेत कर्मचारी सकाळी आपल्या संगणकावर नाव आणि पासवर्ड टाकतो, तेव्हा तो पासवर्ड खरा की खोटा हे त्याच्या टेबलावरचा संगणक एकट्याने ठरवत नाही. तो प्रश्न संस्थेच्या मध्यवर्ती सर्व्हरकडे जातो आणि तेथून होकार आल्यावर पुढचे काम सुरू होते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीवर उभारलेल्या जाळ्यात या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात, आणि वापरकर्ते, संगणक, गट व त्यांचे अधिकार यांच्या नोंदी ज्या निर्देशिकेत असतात तिला ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात. २००० साली विंडोज २००० सर्व्हरबरोबर आलेली ही व्यवस्था आजही असंख्य संस्थांचा कणा आहे. ओळख पडताळण्याचे प्रत्यक्ष काम त्या सर्व्हरवर एक प्रोसेस, म्हणजे चालू स्थितीतला प्रोग्राम, करीत असते. तिचे पूर्ण नाव ‘लोकल सिक्युरिटी ऑथॉरिटी सबसिस्टिम सर्व्हिस’ असे लांबलचक असले, तरी सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या बोलण्यात ती ‘एलसॅस’ म्हणूनच येते.

डोमेन कंट्रोलरवर टास्क मॅनेजर हे विंडोजमधले साधन उघडून प्रोसेसची यादी मेमरीच्या उतरत्या क्रमाने लावली, तर बहुधा सर्वांत वर एलसॅसच दिसते, आणि तिच्यापुढे चार, आठ, कधी बारा गिगाबाइटचा आकडा असतो. नवख्या व्यवस्थापकाला त्या आकड्याची धास्ती वाटते. मग तो सर्व्हर रीस्टार्ट करतो, आकडा खाली येतो आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. काही दिवसांनी आकडा पुन्हा वर चढलेला असतो. या साऱ्या घटनाक्रमात सर्व्हरला काही बिघाड झाला होता की नव्हता, हे मात्र कोणालाच कळलेले नसते, कारण एकच मोठा आकडा निरोगी एलसॅसचाही असू शकतो आणि बिघडलेल्या एलसॅसचाही.

हा गोंधळ उलगडण्यासाठी आधी मेमरीचा हिशेब कसा ठेवला जातो ते पाहिले पाहिजे. प्रोग्रामला आपल्याजवळ भरपूर सलग मेमरी आहे असे भासवायचे, प्रत्यक्षात मात्र तिचे छोटे तुकडे गरजेप्रमाणे वेगवान मेमरीत आणि मंद साठवणुकीत हलवत राहायचे, ही कल्पना इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात घडलेल्या ॲटलस संगणकाने १९६२ साली व्यवहारात आणली. या तुकड्यांना पेज म्हणतात, आणि आजच्या सर्वसाधारण सर्व्हरवर एक पेज चार किलोबाइटचे असते. पुढे १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी ‘वर्किंग सेट’ ही संकल्पना मांडली. एखादा प्रोग्राम नजीकच्या काळात ज्या पेजना खरोखर हात लावतो त्यांचा संच म्हणजे त्याचा वर्किंग सेट, आणि सर्व चालू प्रोग्रामांचे असे संच एकत्रितपणे मेमरीत मावेनासे झाले की यंत्राचा बहुतेक वेळ पेजची ने-आण करण्यातच खर्ची पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. विंडोजने हा शब्द उचलला खरा, पण काहीशा वेगळ्या अर्थाने. तेथे वर्किंग सेट म्हणजे प्रोसेसची या क्षणी मेमरीत असलेली सर्व पेज, आणि त्यांत इतर प्रोसेसबरोबर सामाईक वापरली जाणारी पेजही मोजली जातात. टास्क मॅनेजर सुरुवातीला जो आकडा दाखवतो तो या संचातल्या केवळ खासगी भागाचा असतो. याखेरीज ‘प्रायव्हेट बाइट्स’ नावाचा तिसरा आकडा आहे. प्रोसेसने केवळ स्वतःसाठी मागून घेतलेली एकूण मेमरी तो सांगतो, मग ती या क्षणी मेमरीत असो वा डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये जाऊन पडलेली असो. तपासणीच्या दृष्टीने हा तिसरा आकडा सर्वांत उपयोगी, कारण सर्व्हरवर इतर प्रोसेसचा ताण आला की वर्किंग सेट आक्रसतो, मात्र मागून घेतलेली आणि परत न केलेली मेमरी प्रायव्हेट बाइट्समध्ये जशीच्या तशी दिसत राहते.

आता एलसॅसकडे वळता येते. डोमेन कंट्रोलरवर तिच्या मेमरीचे दोन अगदी भिन्न भाग असतात. पहिला भाग तिच्या स्वतःच्या कामकाजाचा असून त्यात प्रोग्रामचा कोड, एकाच वेळी चालणाऱ्या कामांसाठी लागणारी जागा आणि निर्देशिकेच्या रचनेची प्रत यांचा समावेश होतो. हा भाग साधारणपणे काहीशे मेगाबाइटचा असतो आणि सर्व्हरला किती मेमरी बसवली आहे यावर तो फारसा अवलंबून नसतो. दुसरा भाग डेटाबेसच्या कॅशचा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या सर्व नोंदी डिस्कवर ‘एनटीडीएस डॉट डिट’ नावाच्या एका फाइलमध्ये असतात, आणि ती फाइल आठ किलोबाइटच्या पेजमध्ये वाचणारे ‘एक्स्टेन्सिबल स्टोरेज इंजिन’ एलसॅसच्याच पोटात चालते. हे इंजिन एकदा वाचलेले पेज टाकून देत नाही. पुढच्या वेळी डिस्कपर्यंत जावे लागू नये म्हणून ते मेमरीत राखून ठेवते, आणि सर्व्हरवर मोकळी मेमरी असेपर्यंत ही राखीव प्रत वाढू देते. दुसऱ्या प्रोसेसना मेमरीची निकड भासू लागली की ती आक्रसते. म्हणजे चार गिगाबाइटचा डेटाबेस असलेल्या आणि सोळा गिगाबाइट मेमरीच्या सर्व्हरवर एलसॅस सव्वाचार गिगाबाइटवर पोहोचून तेथेच थांबली असेल, तर तिने संपूर्ण डेटाबेस मेमरीत आणून ठेवला आहे आणि हेच तिच्याकडून अपेक्षित आहे. डोमेन कंट्रोलरसाठी मेमरी ठरवताना डेटाबेसचा पूर्ण आकार, शिवाय कार्यप्रणाली आणि इतर साधनांची गरज, एवढी बेरीज धरावी असे मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शनही आहे. रिकामी पडलेली मेमरी हे सर्व्हरच्या आरोग्याचे लक्षण असते हा समज घरगुती संगणकाच्या जुन्या काळातून आलेला आहे, आणि तो सोडून द्यायला हवा.

त्या जुन्या काळात एलसॅसच्या वाढीला मर्यादाही होती. बत्तीस बिटांच्या विंडोजवर एका प्रोसेसला साधारण दोन गिगाबाइट, आणि खास जुळणी केल्यास तीन गिगाबाइट जागा मिळे, त्यामुळे डेटाबेस कितीही मोठा असला तरी कॅश त्यापुढे जाऊ शकत नसे. चौसष्ट बिटांच्या आवृत्त्या रूढ झाल्यावर, आणि २००९ मधील विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून तर सर्व्हरची फक्त तीच आवृत्ती मिळू लागल्यावर, ही मर्यादा व्यवहारात संपली आणि एलसॅसचे आकडे एकाएकी डोळ्यांत भरू लागले.

खरा बिघाड वेगळा असतो. प्रोग्राम काम करताना मेमरीचा एखादा तुकडा मागून घेतो आणि काम संपल्यावर तो परत करतो, असा करार असतो. प्रोग्रामच्या रचनेत चूक राहिली, तर एखाद्या वाटेवर हा तुकडा परत करायचा राहून जातो आणि तो कोठे आहे याची नोंदही प्रोग्राम गमावून बसतो. वाचनालयातून पुस्तक नेणाऱ्याने पुस्तक तर परत करू नयेच, पण त्याचे कार्डही हरवावे, तशी ही अवस्था. याला मेमरी लीक म्हणतात. कॅशमधली मेमरी मागितली तर परत मिळते, लीक झालेली मेमरी ती प्रोसेस बंद होईपर्यंत मिळत नाही, आणि एलसॅस ही तर सर्व्हर चालू असेपर्यंत बंद न होणारी प्रोसेस आहे. ती बळेच बंद केली किंवा कोसळली, तर विंडोज तिला अत्यावश्यक मानत असल्याने संपूर्ण सर्व्हरच रीस्टार्ट होतो. त्यानंतर इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे प्रणालीच्या घटनांच्या नोंदवहीत, १०१५ क्रमांकाची नोंद सापडते आणि अत्यावश्यक प्रोसेस अपयशी ठरल्याने यंत्र रीस्टार्ट करावे लागत असल्याचे ती सांगते.

हे काल्पनिक नाही, याची दोन उदाहरणे थोड्याच काळाच्या अंतराने घडली. ८ नोव्हेंबर २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या सुरक्षा अपडेटनंतर काही डोमेन कंट्रोलरांवर एलसॅसची मेमरी सतत वाढत जाऊ लागली. त्या अपडेटने केर्बेरॉस या ओळख पडताळणीच्या पद्धतीत, म्हणजे वापरकर्त्याला पासवर्ड पुन्हा पुन्हा न विचारता सांकेतिक तिकिटे देऊन काम भागवणाऱ्या पद्धतीत, स्वाक्षरीची एक नवी तपासणी घातली होती. ती तपासणी रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या मांडणीच्या नोंदी ठेवणाऱ्या संग्रहातील, एका नोंदीद्वारे तात्पुरती बंद ठेवण्याचा उपाय कंपनीने सुचवला आणि दुरुस्ती १३ डिसेंबरच्या अपडेटमध्ये आली. पुढे १२ मार्च २०२४ च्या अपडेटनंतर हाच प्रकार पुन्हा घडला. केर्बेरॉसच्या विनंत्या हाताळताना एलसॅसमधून मेमरी गळत राही, आणि गळती फार झाली की एलसॅस कोसळून डोमेन कंट्रोलर अनपेक्षितपणे रीस्टार्ट होई. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांना त्याची झळ पोहोचली, आणि २२ मार्चपासून पुढच्या काही दिवसांत नेहमीच्या मासिक वेळापत्रकाबाहेरची दुरुस्ती देण्यात आली. ज्या प्रोसेसवर संस्थेतील प्रत्येकाचे लॉगिन अवलंबून असते तिच्यात सव्वा वर्षाच्या आसपासच्या अवधीत दोनदा, आणि दोन्ही वेळा सुरक्षा वाढवणाऱ्या अपडेटमधूनच, असा दोष शिरावा, ही बाब सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या वर्तुळात बराच काळ कडवटपणे बोलली गेली, आणि ते स्वाभाविकच होते.

कॅश आणि लीक यांतला फरक एका क्षणाच्या आकड्यावरून कळत नाही, तो काळाच्या ओघात दिसतो. म्हणून तपासणीची खरी सुरुवात टास्क मॅनेजरमध्ये नसून परफॉर्मन्स मॉनिटर या विंडोजबरोबरच येणाऱ्या साधनात होते. त्यात एलसॅसचे प्रायव्हेट बाइट्स, तिच्या हँडलची संख्या, म्हणजे तिने उघडून धरलेल्या फाइल, रजिस्ट्रीतील नोंदी आणि तत्सम वस्तूंची संख्या, तसेच तिच्या डेटाबेस कॅशचा आकार, हे तीन आकडे दर काही मिनिटांनी नोंदवण्याची सोय करता येते. पहिल्या आकड्यातून तिसरा वजा केला की एलसॅसच्या स्वतःच्या कामकाजाची मेमरी उरते. रीस्टार्टनंतर पहिल्या काही तासांत, विशेषतः सकाळच्या लॉगिनच्या गर्दीत, एकूण आकडा झपाट्याने वर जातो, कारण डेटाबेसची पेज एकामागून एक मेमरीत येत असतात. पुढे वाढ मंदावते आणि डेटाबेसच्या आकाराच्या आसपास रेषा सपाट होते. लीक असेल तर वजाबाकी करून उरलेला भाग रात्रंदिवस चढत राहतो. विनंत्यांच्या संख्येशी ही चढण जुळत असल्याने कामाच्या दिवसांत ती तीव्र आणि रविवारी सौम्य होते, पण एकदा चढलेला आकडा खाली मात्र येत नाही. हँडलची संख्याही त्याच गतीने वाढत असेल, तर दोष केवळ मेमरी परत न करण्याचा नसून उघडलेल्या वस्तू बंद न करण्याचा असावा, असा कयास बांधता येतो.

आलेखात कधी तिसरा आकारही दिसतो, तो पायरीसारखा. काही मिनिटांत आकडा एकदम दोन-तीन गिगाबाइटने वर जातो आणि तेथे स्थिरावतो. याचे कारण बहुधा एखादा महागडा शोध असतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीला प्रश्न विचारण्याचे एलडॅप नावाचे प्रमाण तंत्र आहे. एखाद्या नव्या सॉफ्टवेअरने त्यातून असा प्रश्न विचारला की ज्याच्या उत्तरासाठी सूची उपलब्ध नाही, तर इंजिनाला संपूर्ण डेटाबेस पालथा घालावा लागतो आणि वाटेत भेटलेले प्रत्येक पेज कॅशमध्ये येऊन बसते. यावर एक उत्तम साधन आहे, पण त्याचा वापर व्हावा तितका होत नाही. रजिस्ट्रीतील एका नोंदीने निदानाची पातळी पाचवर नेली की असे शोध १६४४ क्रमांकाच्या घटनेच्या रूपाने नोंदवले जातात आणि प्रश्न कोणत्या संगणकाकडून आला, तो नेमका काय होता, त्यासाठी किती नोंदी धुंडाळल्या आणि किती परत दिल्या, हे सारे तेथे लिहिलेले मिळते. मूळ मांडणीप्रमाणे दहा हजारांहून अधिक नोंदी धुंडाळणारा शोध महागडा ठरतो, आणि हजाराहून अधिक नोंदी धुंडाळून त्यांतल्या दहा टक्क्यांहून कमी परत देणारा शोध अकार्यक्षम. अशा वेळी उपाय एलसॅसवर नसून प्रश्न विचारणाऱ्या सॉफ्टवेअरवर किंवा योग्य सूची तयार करण्यावर असतो. एलसॅसने फक्त सांगितलेले काम केलेले असते.

डेटाबेसच सर्व्हरच्या मेमरीपेक्षा मोठा असेल, उदाहरणार्थ आठ गिगाबाइट मेमरी आणि वीस गिगाबाइटची फाइल, तर कॅश कितीही वाढली तरी डिस्कवरचे वाचन थांबत नाही. तेथे निदान सोपे आणि उपाय खर्चिक: मेमरी वाढवणे.

लीकची खात्री पटली तरी तो कोणाचा हा प्रश्न उरतो, कारण एलसॅसच्या आत केवळ मायक्रोसॉफ्टचा कोड चालत नाही. पासवर्ड पुरेसा बळकट आहे की नाही हे तपासणारी अन्य कंपन्यांची जोडणी, दुहेरी ओळख पडताळणीची साधने आणि काही सुरक्षा सॉफ्टवेअर आपले भाग याच प्रोसेसमध्ये बसवतात, आणि त्यांनी गळवलेली मेमरीही यादीत एलसॅसच्याच नावावर पडते. त्यामुळे वाढ नेमकी कोणत्या तारखेपासून सुरू झाली आणि त्या सुमारास काय बदलले, कोणते अपडेट आले, कोणते सॉफ्टवेअर बसवले गेले, हा साधा प्रश्न अनेकदा अवघड साधनांपेक्षा लवकर उत्तर देतो. संस्थेत दोन किंवा अधिक डोमेन कंट्रोलर असतील तर काम आणखी सोपे होते, कारण एकावर बदल करून दुसरा तसाच ठेवता येतो आणि दोन्ही रेषा शेजारी ठेवून पाहता येतात.

सखोल तपासणीसाठी प्रोसेसच्या मेमरीची संपूर्ण प्रत फाइलमध्ये उतरवतात. तिला डंप म्हणतात. इतर कोणत्याही प्रोसेसच्या बाबतीत ही नित्याची गोष्ट, पण एलसॅसच्या बाबतीत ती धोक्याची आहे, कारण लॉगिन केलेल्यांच्या पासवर्डपासून तयार झालेल्या सांकेतिक खुणा आणि केर्बेरॉसच्या सांकेतिक किल्ल्या त्याच मेमरीत असतात. फ्रान्सच्या बेंजामिन देल्पी यांनी तयार केलेल्या मिमिकॅट्झ या साधनाने हे जगापुढे उघड केले आणि तेव्हापासून एलसॅसचा डंप घेणे ही घुसखोरांची ओळखीची चाल झाली. परिणामी निदानासाठी प्रामाणिकपणे घेतलेला डंपही विषाणूरोधक सॉफ्टवेअरला हल्ल्यासारखा दिसतो आणि ते तो अडवते. विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ पासून मिळालेले एलसॅसचे विशेष संरक्षण चालू असेल, तर व्यवस्थापकालाही तो सहजी घेता येत नाही. येथे संरक्षण घाईने बंद करण्याचा मोह टाळायला हवा. डंप घ्यावाच लागला, तर ती फाइल संस्थेतील सर्व पासवर्डच्या यादीइतकीच जपायची, कूटबद्ध करूनच कंपनीच्या मदत विभागाकडे पाठवायची आणि काम होताच नष्ट करायची असते. ईमेलला जोडून पाठवलेला एलसॅसचा डंप हा मूळ लीकपेक्षा किती तरी मोठा अपघात ठरतो.

सर्व्हरची मेमरी भरलेली आहे, पण यादीतल्या सर्व प्रोसेसची बेरीज तिच्या जवळपासही जात नाही, असेही घडते. अशा वेळी एलसॅसवर संशय घेण्यात अर्थ नसतो, कारण मेमरी प्रोसेसच्या बाहेर, थेट कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे असते. विंडोजवर ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे प्रोग्राम, गाभ्याच्या साठ्यातून मेमरी घेताना तिला चार अक्षरांची खूण लावतात, आणि पूलमॉन हे साधन त्या खुणांप्रमाणे वापर दाखवते; लाखो फाइल असलेल्या सर्व्हरवर फाइलप्रणालीच्या माहितीनेच कित्येक गिगाबाइट व्यापल्याचे रॅममॅप या साधनातून दिसते. लिनक्सवर या जातीचे एक गमतीदार उदाहरण घडले होते. सुरक्षित संकेतस्थळांशी बोलण्यासाठी इतर प्रोग्राम वापरतात अशा एका लायब्ररी-प्रोग्रामला आपल्या फाइल स्थानिक डिस्कवर आहेत की जाळ्यापलीकडे हे जाणून घ्यायचे होते, म्हणून तो अस्तित्वातच नसलेल्या फाइलींची झपाट्याने विचारणा करून लागणारा वेळ मोजत असे. ‘ही फाइल नाही’ अशा प्रत्येक उत्तराचीही गाभा आठवण ठेवतो, आणि ती एक आठवण जेमतेम १९२ बाइटची असली तरी दर जोडणीगणिक अशा हजारो आठवणी साचून मोठमोठ्या सर्व्हरांची मेमरी भरून गेलेली दिसे. ती मात्र कोणत्याही प्रोसेसच्या नावावर नसे.

लीक सिद्ध झाला आणि दुरुस्ती अजून आलेली नाही, अशा मधल्या दिवसांत व्यवस्थापकापुढे दोनच वाटा असतात आणि दोन्ही सुखाच्या नाहीत. दोषी अपडेट काढून टाकले तर त्याने बुजवलेले सुरक्षेचे छिद्र पुन्हा उघडे पडते. ते ठेवले तर सर्व्हर स्वतःहून कोसळण्याआधी ठरवून रीस्टार्ट करत राहावे लागते. दुसरी वाट निवडली, तर आधी नोंदवलेल्या रेषेच्या चढावरून मेमरी किती दिवसांत संपेल याचा अंदाज बांधता येतो, आणि त्याच्या निम्म्या अंतराने, एका वेळी एकच डोमेन कंट्रोलर, लॉगिनची गर्दी नसलेल्या वेळी रीस्टार्ट करणे शहाणपणाचे ठरते. सर्व डोमेन कंट्रोलर एकाच दिवशी सुरू झालेले असतील, तर ते थोड्याफार फरकाने एकाच सुमारास कोसळण्याची शक्यता असते, म्हणून त्यांच्या तारखा मुद्दाम वेगळ्या ठेवतात. दुरुस्तीचे अपडेट बसवल्यावरही नोंदी तितकेच दिवस चालू ठेवाव्या लागतात, कारण ते बसवताना सर्व्हर रीस्टार्ट झालेला असतो आणि पहिल्या दिवशीचा खाली आलेला आकडा दुरुस्तीमुळे आहे की केवळ रीस्टार्टमुळे, हे त्या दिवशी सांगता येत नाही.